अर्धा तास आणि घरचे ताट

वजन आणि आहार या विषयावर बोलावयास डॉक्टर सोडून कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न व्याख्यानाची पाटी वाचून पुष्कळांच्या मनात आला असेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. परंतु गेली तीस वर्षे पगाराचे आणि महागाईचे हिशेब मांडताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की, माणसाने काय खावे, किती खावे आणि केव्हा खावे हे जितके वैद्यांनी ठरविले तितकेच गिरणीच्या भोंग्यानेही ठरविलेले आहे. घरचे खा, वेळेवर खा, प्रमाणात खा, हा उपदेश आज जिकडे तिकडे कानी पडतो. उपदेश खोटा नाही. पण वेळेवर खायला आधी वेळ मिळावा लागतो, घरचे खायला घरी कोणीतरी रांधावे लागते, आणि ताटात चार पदार्थ पडायला खिशात तेवढी शक्ती असावी लागते. या तीन गोष्टी आमच्याकडच्या कष्टकऱ्याला केव्हा आणि कितपत मिळाल्या, ते आज सांगावयाचे आहे.

आरंभ १८८४ सालापासून करू. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांनी एका अर्जावर सह्या आणि अंगठे केले. आठवड्याची एक सुट्टी मिळावी, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशा ज्या मोजक्या मागण्या त्यात होत्या, त्यांतली एक अशी होती की दुपारी अर्धा तास काम थांबावे. अर्धा तास कशासाठी? जेवावयासाठी. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या विश्रांतीची सोय केली होती. मोठ्या माणसांसाठी त्यात काही नव्हते. इंजिन चालू राही, आणि शेजारच्या गड्याला आपल्या मागावर नजर ठेवावयास सांगून माणूस तिथेच, कापसाच्या उडत्या तंतूंत, भाकरी उलगडीत असे. १८९१ च्या कायद्याने सर्व कामगारांना दुपारचा अर्धा तास मिळाला. या देशात वेळेवर जेवण्याचा पहिला कायदेशीर हक्क तो हाच, असे म्हणावयास आम्हांला हरकत दिसत नाही. योगायोग असा की, महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोहोचविण्याचा धंदा सुरू केला तो १८९० साली. एकीकडे घरचे जेवण डोक्यावरून कचेरीत जाऊ लागले, दुसरीकडे गिरणीत ते गिळण्यापुरता वेळ मिळाला.

वेळ मिळाला, पण त्या भाकरीबरोबर काय होते? याचे उत्तर सरकारच्याच एका अहवालात आहे. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये शहरातल्या २४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. या कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली निघाला. मिळकतीतले शंभरातले सुमारे ५७ रुपये अन्नावर जात होते. आणि एवढे करूनही निष्कर्ष काय, तर कामगाराच्या घरी जे धान्य खाल्ले जाते ते दुष्काळी कामावरच्या मजुराला दुष्काळ संहितेने ठरवून दिलेल्या शिध्याइतके आहे, आणि मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळणाऱ्या आहारापेक्षा कमी आहे. श्रोतेहो, हे वाक्य कोणा चळवळ्याचे नव्हे; इंग्रज अधिकाऱ्याचे आहे. आम्ही ते पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

त्या काळी वजनाचा प्रश्न आजच्या उलट होता हे यावरून कळावे. वजन वाढणे म्हणजे बरे चालले आहे, असाच अर्थ घेतला जाई. "अंगाने भरला" हे आमच्या भाषेत कौतुकाचे बोलणे आहे. शास्त्रज्ञही याच मापाने मोजत होते. नीलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर १९२० नंतरच्या दशकात उंदरांवर आहाराचे प्रयोग करीत होते. त्यांनी एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका लोकसमूहाचे जेवण दिले. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. शिखांच्या जेवणावर, म्हणजे सबंध गव्हाची चपाती, दूध-दही, डाळ, भाजी, फळे यांवर वाढलेला गट सर्वांत वजनदार आणि निरोगी निघाला. पठाण दुसरे, मराठ्यांचे ताट तिसरे. सडलेल्या तांदळावर मुख्यतः भिस्त असलेले शेवटी राहिले. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी इंग्लंडातल्या गरिबांचे जेवण उंदरांना घातले: पांढरा पाव, कृत्रिम लोणी, साखर घातलेला चहा, डब्यातले मांस, शिजवून निःसत्त्व केलेली भाजी. ते उंदीर खुरटले आणि दोन महिन्यांच्या सुमारास आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. राज्य करणाऱ्यांच्या देशातला गरीबही काही सुखाचा घास खात नव्हता, हे त्या निमित्ताने नोंदले गेले.

मॅककॅरिसन यांच्या मागून १९३५ साली वॉलेस अ‍ॅक्रॉइड कुन्नूरला आले. समतोल आहार हा जो शब्द आज शाळेतल्या मुलांच्याही तोंडी आहे, त्याला या देशात आकडे दिले ते या गृहस्थाने. १९३७ साली निघालेल्या त्यांच्या आरोग्यपत्रिकेत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या समतोल आहाराचा हिशेब आहे: धान्य १५ औंस, आणि त्यातला तिसरा हिस्सा भरड धान्याचा, डाळ ३ औंस, पालेभाजी ४, इतर भाजी ६, दूध ८, तेलतूप २, फळे २. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. या सर्वांतून २६०० च्या आसपास उष्मांक मिळतात. हे आकडे लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. पुढे त्यांची गरज पडेल.

आता हे कुन्नूरचे पत्रक आमच्या चळवळीत कसे आले ते पाहा. जुलै १९५७ मध्ये दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांनी मिळून गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप ठरविले. एका मिळवत्या माणसामागे खाणारी तीन माणसे धरावी, दर माणशी वर्षाला १८ वार कापड धरावे, आणि अन्नाचा खर्च अ‍ॅक्रॉइड यांनी सांगितलेल्या प्रमाणाने काढावा. परिषदेचा ठराव हा काही कायदा नव्हता, पण त्यानंतरच्या कितीतरी निवाड्यांत तो आधाराला घेतला गेला. समतोल ताट हा पगाराचा भाग आहे हे त्या दिवशी मान्य झाले, आणि ही गोष्ट आम्ही चळवळीच्या मोठ्या विजयांत धरतो.

परंतु विजयातही एक गळती झाली. वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही जेवढे बसलो आहोत, त्यात आमच्या असे पाहण्यात आले की सगळ्यांच्या तोंडी फक्त २७०० उष्मांक हा आकडा राहतो. पालेभाजी, दूध, डाळ ही मागल्या दाराने केव्हा निघून जातात ते कळत नाही. उष्मांक भरून काढावयाचे तर सर्वांत स्वस्त वाट धान्याची, नंतर तेलाची, नंतर साखरेची. सरकारी स्वस्त धान्य दुकानाचा इतिहासही हाच आहे. मुंबईत १९४३ साली रेशन सुरू झाले ते धान्याचे आणि साखरेचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो दिले तेही धान्यच. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने शंभर रुपयांत आनंदाचा शिधा वाटला; त्यात रवा, साखर, पामतेल आणि हरभऱ्याची डाळ होती. डाळ होती हे चांगलेच. पोटे भरली, उपासमार हटली, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्याने १९७२ चा मिलो खाल्लेल्यांच्या तोंडून त्याची चव ऐकली आहे तो कमी लेखणारही नाही. पण ताट मात्र एका बाजूला कलंडले.

मुळात आमची भाषाच पाहा ना. जेवण म्हणजे भाकरी किंवा भात. बाकीचे सारे कालवण, कोरड्यास, तोंडी लावणे. भाजी ही तोंडाला लावायची गोष्ट, खायची नव्हे! दिवसभर नांगर धरणाऱ्याला, बारा तास साचावर उभे राहणाऱ्याला ढीगभर भाकरी लागत असे आणि ती जिरतही असे. शब्द त्या श्रमातून आले. श्रम गेले, शब्द आणि ढीग राहिले.

गिरणगावात हे ताट रांधीत कोण असे, तेही सांगितले पाहिजे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी बहुधा एकटा येई, बायकामुले गावी. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी ही माणसे खानावळवाल्या बाईकडे जेवत. ती बाईही बहुधा गिरणी कामगाराचीच कारभारीण किंवा विधवा. पंधरा-वीस गड्यांचे दोन वेळचे जेवण ती एका चुलीवर काढी. पैसे महिन्याच्या पगारावर, म्हणजे किराणा उधारीवर आणि सावकार मानगुटीवर. या बायांना संघटित करून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणले. गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेली आणि पुढे कामगारांत काम केलेली ही बाई. मुंबईच्या कामगारांचे आरोग्य ज्यांनी सांभाळले त्यांची यादी कोणी केली तर तिच्यात या खानावळवाल्यांचे नाव डॉक्टरांच्या आधी लिहावे लागेल. गड्याला साखरेचे दुखणे लागले तर त्याच्यापुरती भाकरी वेगळी थापणारी, उपासाला वेगळे करणारी ती होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. घरात वडिलांचा पगार बंद झाल्यावर पहिल्यांदा दूध बंद झाले, मग फळ, मग भाजी आठवड्यातून दोनदा आली, डाळ पातळ होत गेली. भात आणि चहा शेवटपर्यंत राहिला. ताटातून पदार्थ कोणत्या क्रमाने जातात ते आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या, गडी गावी गेले, खानावळी ओस पडल्या. कित्येकांनी वडापावची गाडी लावली. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात तो हा वडापाव. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. तो स्वस्त आहे, गरम आहे, उभ्या उभ्या खाता येतो. लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास ज्याला उरला नाही त्याचे ते अन्न आहे. मात्र तळलेला बटाटा आणि मैद्याचा पाव हे रोजचे दुपारचे जेवण झाले की त्याचा हिशेब कमरेवर दिसतो.

आणि तो दिसू लागला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात २०.६ प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या. २०१९-२१ मध्ये त्या २४ झाल्या. पुरुष १८.९ वरून २२.९ वर गेले. त्याच पाहणीत शंभरात १८.७ स्त्रिया हडकुळ्याही निघाल्या. उपाशी आणि लठ्ठ ही आता दोन देशांतली माणसे राहिली नाहीत. एकाच चाळीत, कधी एकाच घरात आहेत.

यात आणखी एक गुंता आहे आणि तो उलगडला पुण्यात. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतिणी आणि बाळे यांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान, पण त्या लहान देहात चरबीचा वाटा मात्र अधिक, असे त्यांना आढळले. २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि एका इंग्रज शास्त्रज्ञ मित्राचा फोटो 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची शंभरात ९, याज्ञिकांची २१! तेव्हा नुसत्या काट्यावर विसंबून चालत नाही. आपल्याकडचे डॉक्टर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात ते यासाठी. त्याच खेड्यांतल्या अभ्यासात असेही दिसले की, बाळाची वाढ आईने एकंदर किती उष्मांक खाल्ले यापेक्षा तिने पालेभाजी, फळे आणि दूध किती घेतले याच्याशी जुळते. वेतनाच्या टेबलावरून जे पदार्थ गळाले म्हणून आम्ही मघाशी सांगितले, नेमके तेच हे.

आता अ‍ॅक्रॉइडचे आकडे पुन्हा काढू. त्यांची संस्था कुन्नूरहून १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शिका काढली. दोन हजार उष्मांकांच्या ताटाचा तिचा हिशेब असा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळ अथवा अंडे-मांस ८५, भाजी ४००, फळे १००, दूध ३०० मिलिलिटर, तेल २७ ग्रॅम, थोडे दाणे. १९३७ चे १५ औंस म्हणजे ४२५ ग्रॅम धान्य होते. ते २५० वर आले. तेल ५७ वरून २७ वर आले. डाळ होती तेवढीच, ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅमच. भाजी २८० वरून ४०० वर गेली. सत्त्याऐंशी वर्षांत श्रम किती उतरले याचे याहून चांगले मोजमाप आम्हांला माहीत नाही.

हे घरच्या स्वयंपाकात बसविणे अवघड आहे काय? मुळीच नाही. ज्वारीची भाकरी, मोड आणलेल्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, ताक, काकडीची कोशिंबीर, यात वरच्या यादीतले बहुतेक सगळे आले. फक्त दोन भाकऱ्या कमी करून त्या जागी भाजी वाटीभर वाढवायची, आणि कोशिंबीर ताटाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर काढायची. तेलाचा हिशेब आम्ही पगाराच्या हिशेबासारखा करतो. चौघांच्या घरी महिन्याला साडेतीन लिटरच्या पुढे तेल जात असेल तर ते मापापेक्षा जास्त आहे; किराण्याची यादी काढून कोणीही ताडून पाहावे. पूर्वी वाण्याकडून बाटलीत पावशेर तेल आणीत, ते आपोआप मोजले जाई. पाच लिटरच्या कॅनने ते माप मोडले. कॅन फोडणीपासून दूर ठेवावा आणि रोजचे तेल लहान वाटीत काढून घ्यावे. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी म्हणतात. दोन चमचे घातलेले चार कप चहा झाले की चाळीस ग्रॅम साखर पोटात गेली, बिस्किटे वेगळीच. गिरणीत आणि कारखान्यात चहा रुजविला तो चहाच्या व्यापाऱ्यांनी, मुद्दाम टपऱ्या काढून. तो आता सोडा म्हणून कोणी ऐकणार नाही, पण चमचा एक करता येतो.

अडचण दुसरीकडेच आहे. मटकीला मोड आणायला आदल्या दिवशी आठवण लागते, मेथी निवडायला तास लागतो, भाकरी थापायला हात लागतो. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यात गेले. जे पुरुष काही करीत होते त्यांचे ९७. घरचे जेवण, घरचे जेवण म्हणून जो गौरव चालतो तो या दोनशे मिनिटांच्या फरकावर उभा आहे. बाईही आता बारा तास बाहेर असते. तिने लोकलमध्ये उभ्याने भाजी निवडावी, आणि घरधन्याने वर्तमानपत्रातला वजन कमी करण्याचा लेख वाचावा, याला आम्ही समतोल म्हणत नाही. आमच्या सभासदांना आम्ही सांगतो, खानावळीत राहिलेल्या तुमच्या आजोबांना निदान ताट आपले आपण घासणे ठाऊक होते. तुम्ही मेथी निवडायला बसा.

आणि तास कमी होण्याऐवजी वाढत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे काम नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. येण्याजाण्याचे तीन तास धरा, झोपेचे सात धरा. उरलेल्या दोन तासांत अंघोळ, मुलांचा अभ्यास आणि मोड आलेली मटकी, हे सगळे बसविण्याचे गणित कोणी मांडून दाखविले तर आम्ही त्यांचे शिष्यत्व पत्करू.

म्हणून सध्या आमचा जोर कँटीनवर आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा शंभरावर आली आहे, कंत्राटी कामगार धरून. त्या संहितांशी आमची भांडणे अनेक आहेत. ही एक ओळ मात्र आम्ही जपून ठेवली आहे. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, कँटीनमध्ये दुपारी पुरी-बटाटा आणि संध्याकाळी समोसा ठरलेला. आमच्या प्रतिनिधींनी वर्षभर भांडून आठवड्यातून चार दिवस उसळ आणि भाकरी, रोज ताक आणि कच्ची काकडी-टोमॅटो एवढे मिळविले. पहिल्या महिन्यात पोरे कुरकुरली. समोसा शुक्रवारपुरता परत आणावा लागला. आता नवी मागणी गेली आहे ती जेवणाची सुट्टी तीस मिनिटांवरून पंचेचाळीस करण्याची, कारण कँटीनपर्यंत चालत जाऊन रांगेत उभे राहण्यातच बारा मिनिटे जातात. व्यवस्थापनाचे उत्तर अजून आलेले नाही.